दोन मिलिमीटर की अकरा? पिरंगुटातले पाच दिवस

लातूरहून निघताना माझ्या सॅकमध्ये दोन ड्रेस, लॅपटॉप, आईनं कोंबलेले धपाटे आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. डब्यात बिस्किटं नव्हती. कापसावर बारा लोखंडी तुकडे ठेवले होते, पोस्टाच्या तिकिटाएवढे, पातळ, चकचकीत. एकाचं वजन जेमतेम दोन ग्रॅम. त्यांना बोट लावायचं नाही, फक्त चिमट्यानं उचलायचं, हा माझा कडक नियम. बसमध्ये शेजारच्या काकूंनी "एक दे की गं बिस्कीट" म्हटलं तेव्हा मी डबा असा छातीशी धरला की त्यांनी तोंड फिरवलं ते पुण्यापर्यंत!

आधी हे तुकडे कशाला ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रोजेक्ट असा, की एखाद्या टणक वस्तूवर प्रचंड जोरदार प्रकाश क्षणभर पडला तर तिला धक्का किती बसेल, ते कॉम्प्युटरवर आधीच काढायचं. प्रकाश ढकलतो म्हणून धक्का बसतो असं नाही हां! प्रकाशानं वरचा अगदी पातळ थर इतका तापतो की त्याची वाफ होऊन ती जोरात बाहेर सुटते आणि वस्तू मागे सरकते. गरम तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो स्वतःच्याच वाफेवर कसा नाचत पळतो, तसलाच प्रकार, फक्त इथं वाफ लोखंडाची. मी सहा महिने बसून याचं मॉडेल लिहिलं. ते म्हणत होतं, माझा तुकडा दोऱ्याला झोपाळ्यासारखा टांगला आणि लेझरचा एक झटका दिला, तर तो दोन मिलिमीटर मागे जाईल.

आता हे खरं का खोटं ते मोजायचं. आमच्या कॉलेजात एवढा जोरदार लेझर नाही. पण माझ्या मैत्रिणीच्या मामाचं पिरंगुटला वर्कशॉप आहे, तिथं रबराचे साचे लेझरनं साफ करतात. मामा म्हणाले, ये, दसऱ्याच्या आठवड्यात काम कमी असतं.

निघण्याआधी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "एका दिवशी जुळलं तर तो योगायोग. दोन वेगळ्या दिवशी जुळलं तर मी मानेन. नाही जुळलं तर सोमवारच्या बैठकीत तुझा विषय बदलायचा. पाइपांच्या गंजाचा एक विषय तयार आहे माझ्याकडे."

गंज! सहा महिने मी लोखंडाची वाफ करत होते आणि सर मला गंज खरवडायला लावणार! तर बारा तुकडे. सहा एका दिवशी, सहा दुसऱ्या दिवशी.

मंगळवार: आधी सूस, मग पिरंगुट

मोबाइलच्या नकाशात मी वर्कशॉपचं नाव टाकलं आणि त्यानं मला भलत्याच गावी, सूसला नेऊन सोडलं. त्याच नावाची एक सोसायटी निघाली तिथं! बावीस मजले. गेटवरचा वॉचमन हिंदीत विचारतोय कौन से फ्लॅट में जाना है, आणि मी सांगतेय, भैया लेझर कहाँ है. त्यानं रजिस्टर पुढं केलं. मी नाव लिहिलंसुद्धा, मग डोक्यात प्रकाश पडला. तिथून पुन्हा चांदणी चौक, पुन्हा सिटी बस, आणि अकरा वाजता पिरंगुट.

लातूर सोडताना सगळं सोयाबीन काढलेलं, रानं मोकळी. इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या शेड, आणि दोन शेडमध्ये जरा फट दिसली की तिच्यात भात! हिरवा-पिवळा, लोंब्या वाकलेला. मागे डोंगर, आणि डोंगरावर सोनकीची पिवळी फुलं, हळद सांडल्यासारखी. हवा ओली. माझे केस तासाभरात फुगून डबल झाले. हा ओलावा लक्षात ठेवायला हवा होता मी.

वर्कशॉपमध्ये लेझरचं मशीन चालवतात ते दत्ताकाका. पन्नाशीचे, पौडच्या अलीकडच्या गावातले. यांच्याच घरी मला खोली मिळाली होती. यांनी पाठीमागं चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात आणि बायको, शांताकाकू, त्या सगळ्या बघतात.

काकांनी माझा झोपाळा बघितला. लाकडी चौकट, दोन बारीक दोरे, खाली तिकिटाएवढा तुकडा, मागे स्टीलची पट्टी, समोर स्लो मोशनमध्ये मोबाइल.

"मॅडम, ह्यो पाळणा कुणाचा?"

"काका, मला मॅडम नका म्हणू. याला लेझर मारायचाय. एकच झटका."

"येकच? त्येवढ्यासाठी लातूरहून आला?"

"बारा झटके."

"मंग बरोबर हाय," ते गंभीरपणे म्हणाले. ते चेष्टा करतायत की नाही ते पाच दिवसांत मला एकदाही नक्की कळलं नाही.

पंखे बंद केले, हिरवे चष्मे लावले. टक्! तुकडा हलला. व्हिडिओ मागे-पुढे करून पट्टीवर बघितलं: दोन मिलिमीटर. दुसरा: दोनला जरासा कमी. तिसरा: दोन. सहाच्या सहा! मी किंचाळले. काकांनी घाबरून मशीनचं लाल बटणच दाबलं.

"शॉक बसला का?"

"नाही काका, बरोबर आलं!"

"आसं व्हय. मला वाटलं गेली पोरगी."

सरांना मेसेज टाकला. उत्तर दोन शब्दांत आलं, "उरलेले सहा?"

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि इंद्रायणीचा गिजका भात. आमच्याकडं ज्वारीची भाकरी थापताना आवाज येतो, काकूंची तांदळाची भाकरी तव्यावर गुपचूप फुगते. काकूंचे नवरात्राचे उपास होते, त्या फक्त वाढत होत्या आणि मी चौथ्यांदा भात घेतला तेव्हा म्हणाल्या, "लातूरला पाऊस कमी म्हनत्यात, भूक न्हाई कमी."

बुधवार-गुरुवार: मशीनला हार

सकाळी आठलाच डबा घेऊन हजर! तर मशीनला झेंडूचा हार, पुढे नारळ, उदबत्ती. खंडेनवमी. मी कपाळावर हात मारला. आमच्या घरी बाबा स्कूटरला हळद-कुंकू लावायचे आणि मला वह्या-पुस्तकांना लावायला सांगायचे, त्या दिवशी अभ्यास करायचा नाही म्हणून मी किती खूश असायचे! आणि आता तीच सुट्टी माझ्या उरावर बसली.

"काका, फक्त सहा झटके..."

"आज न्हाई. आज मशीन द्येव हाय. द्येवाला काम सांगतीस?"

"मग उद्या?"

"उद्या दसरा. परवा सकाळी पूजा उचलू, मग मार तुजं झटके."

काकांनी पाने, हातोड्या, कानस, गेज, सगळं लाल कापडावर मांडलं होतं. "तुजी हत्यारं बी दे." मी डबा दिला. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? त्यांनी माझे सहा तुकडे ओळीत मांडले, प्रत्येकाला हळद-कुंकवाचं बोट लावलं, आणि मोठ्या पान्याच्या शेजारी ते इवले तुकडे इतके गोड दिसत होते की मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. एवढंच मनात आलं की नंतर नीट पुसून घ्यायला लागेल.

दसऱ्याला काका-काकूंबरोबर दुपारी मुळशी धरणाच्या बाजूला जाऊन आले. सीमोल्लंघन म्हणे! तिघं एका गाडीवर, काकू मधे. पाणी इतकं लांबवर आणि इतकं शांत, की लातूरच्या माणसाला ते बघून आधी आनंद होत नाही, जरा रागच येतो. एवढं पाणी आणि नळाला कुणी पातेलं लावून बसलेलं नाही! संध्याकाळी आपट्याची पानं, श्रीखंड-पुरी. काकूंचा उपास सुटला आणि मग कळलं की माझ्यापेक्षा जास्त भात खाणारं माणूस या घरात आहे.

शुक्रवार: अकरा

पूजा उचलली होती. काकांनी माझा डबा परत दिला. तुकडे कापसावर व्यवस्थित, कुंकवाचा एक कण नाही. मी चिमट्यानं उचलून उजेडात धरला: चकचकीत. म्हटलं वा, काकांनीच पुसून ठेवले.

टांगला. पंखे बंद. चष्मे. फट्ट!

तुकडा उसळला. व्हिडिओ बघितला, पट्टी बघितली, पुन्हा व्हिडिओ. अकरा मिलिमीटर.

दोन नव्हे, अकरा!

"आवाज येगळा आला," काका म्हणाले. "मंगळवारी टक् व्हता. आज जाड हाय."

मी ऐकलंच नाही खरं तर. दुसरा टांगला: दहा. तिसरा: अकरा. चौथा: बारा. तिथं मी थांबले, कारण दोनच उरले होते आणि मला आता काहीच कळत नव्हतं.

लेझरचा जोर वाढला असेल? मशीनला जोडलेल्या मीटरवर बघितलं, मंगळवारी होता तेवढाच. दोरे? लांबी तीच. अंतर? खडूची खूण तीच. तुकडे? एकाच पत्र्यातून, एकाच दिवशी कापलेले. मी जमिनीवर बसले आणि लॅपटॉप उघडला. मॉडेलमध्ये एक आकडा असतो, लोखंड प्रकाश किती पितं त्याचा. तो वाढवला तर धक्का वाढला, पण अकरापर्यंत न्यायचा तर लोखंडाला शंभरातले दोनशे टक्के प्रकाश प्यायला लागत होता! दुसरा आकडा फिरवला. तिसरा. एकदा अकरा आलंसुद्धा, पण मग मंगळवारचे दोन कसे आले ते सांगता येईना. मनात चोर शिरलाच. मंगळवारचे सहा दाखवावेत, आजचे चार विसरावेत? कुणाला कळणार? लातूरला कोण येतंय झोपाळा बघायला?

सरांना फोन लावला. खोटं बोलायचं ठरवून लावला आणि तोंडातून खरंच निघालं.

"दोन आणि अकरा," सर म्हणाले. "यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही, सर."

"दोन्ही खरं असेल तर मग मॉडेल खोटं. ऋतुजा, वाईट वाटून घेऊ नकोस. सोमवारी गंजाचा विषय घेऊ."

मी वर्कशॉपच्या मागे भाताच्या बांधावर जाऊन रडले. अगदी पाच मिनिटं, पण मन लावून.

दिवस मावळायच्या आत घरी आले. काका अंगणात बसून पूजेतला विळा, कुऱ्हाड, कुदळ एका काळ्या फडक्यानं पुसत होते. बोटं चकाकत होती. काकू शेजारी शेंगा सोलत होत्या.

"तोंड का असं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. काका, हे काय लावताय?"

"त्याल. पूजा उचलली की त्याल लावूनच ठिवायचं. तुमच्या लातुरात कोरडं हाय, हितं उघडं लोखंड चार दिसांत लाल व्हतं."

फडकं विळ्यावरून जात होतं, मागे काहीच दिसत नव्हतं, फक्त चकाकी.

"काका... माझे तुकडे?"

"ते बी. मंग? पावण्यांची हत्यारं उघडीच ठिवू व्हय? कुंकू पुसलं आन् त्याच फडक्यानं जरा हात फिरवला. बग की, येक तरी ठिपका आला का गंजाचा?"

चिमट्यानं उचललं ना मी! एकदा जरी बोट लागलं असतं तरी तेल कळलं असतं. माझा कडक नियम!

माझा चेहरा बघून काकांचा हात थांबला. "खराब झालं का?"

काकू त्यांच्याकडं वळल्या. "इचारलं व्हतं का तिला? न्हाई. सगळ्या जगाच्या लोखंडाला त्याल लावत सुटायचं! माज्या कुलपाला लावलं, किल्ली घसरून गटारात गेली."

"कुलूप गंजलं का पन?" काका म्हणाले, पण त्यात नेहमीचा दम नव्हता. फडकं त्यांनी हळूच मांडीखाली सरकवलं.

मला ओरडायचं होतं. पण ते सरकवलेलं फडकं बघितलं आणि मी काकूंच्या शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या. शिवाय मला अजूनही कळत नव्हतं! तेल लागलं म्हटल्यावर धक्का कमी व्हायला हवा ना? प्रकाशाचा जोर तेल उडवण्यातच जाणार, लोखंडाला उरणार काय? इथं तर पाचपट! म्हणजे तेलाचा यात काही संबंध असेलच असं कशावरून?

शनिवार: डबा उडाला

दुपारी दीडची बस, आणि दोन तुकडे. दोन्ही तेलाचे. सकाळी काका माझ्याआधी वर्कशॉपमध्ये येऊन बसले होते. चहा घेतला नव्हता.

मी एक तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून, कापसानं चार वेळा पुसला. दुसरा तसाच ठेवला. काकांना सांगितलं, "हा धुतलेला दोन गेला आणि तेलाचा पुन्हा अकरा गेला, तर तेलामुळंच. पण का ते मला कळत नाहीये. तेल तर हलकं, ते उडून जाणार."

"उडतं. पन उडायच्या आधी?"

"म्हणजे?"

"लवंगी फटाका मोकळा फोडला तर काय व्हतं? फट. संपलं. त्याच्यावर डालड्याचा डबा पालथा घातला की?"

"डबा उडतो."

"डबा उडतो आन् खाली फरशीला चीर जाती. शाळेत हेडमास्तरच्या खोलीपुढची फरशी मी फोडल्याली हाय. डबा नसता तर गेली असती का चीर?"

मी हातातला चिमटा घट्ट धरून उभी राहिले. हा प्रकाश तेलातून आरपार जातो, तेलाला फारसा तापवतच नाही. तापतं ते खालचं लोखंड. वाफ तिथं होते, तेलाच्या खाली, आणि तिला सुटायला लगेच वाट नाही. तेल म्हणजे डबा. क्षणभर वाफ मधे कोंडते, दाबते, मग तेल एकीकडं आणि लोखंड दुसरीकडं! माझ्या मॉडेलमध्ये वाफ मोकळ्या हवेत सुटत होती, कारण मी लोखंड उघडंच धरलं होतं. लातूरला बसून लिहिलं होतं ना ते. लातूरला लोखंड उघडंच असतं!

"काका, चष्मा लावा."

धुतलेला तुकडा. टक्. अडीच. दोन नाही, अडीच. कुठंतरी कोपऱ्यात तेल राहिलं असेल, किंवा नसेल, देव जाणे.

तेलाचा तुकडा. झटका द्यायच्या आधी मी पट्टीवर अकराच्या खुणेवर मार्करनं रेघ मारली. काकांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पावलानं पेडल दाबलं.

फट्ट! रेघेच्या पुढे. बारा. दोन दोऱ्यांतला एक तुटला आणि तुकडा एका दोऱ्यावर गरगर फिरत राहिला.

"जाड आवाज," काका म्हणाले.

"जाड आवाज," मी म्हणाले, आणि आम्ही दोघं मंगळवारच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो. नंतर काकांनी चहा मागवला.

घरून निघताना मी फडक्याचा एक कोपरा मागितला. काकांनी कात्रीनं कापून प्लास्टिकच्या पिशवीत घातला. काकूंनी इंद्रायणी तांदळाची किलोभराची पिशवी दिली आणि बजावलं, "दोन्ही येगळं ठेव. त्यालाचा भात शिजवशील."

लातूर

सोमवारी बैठकीत मी सगळं सांगितलं. सहा दोनचे, चार दहा ते बाराचे, शेवटचे दोन, खंडेनवमी, फडकं, डबा. फडक्याचा तुकडा टेबलावर ठेवला. एका मॅडमनी तो उचलून वास घेतला. सरांनी आकड्यांचा कागद स्वतःकडं ओढला.

"मग मॉडेलमध्ये वरती तेलाचा थर घाल," ते म्हणाले. "घातल्यावर अकरा आलं पाहिजे. आकडे ओढूनताणून नाही, आपोआप. थर किती जाड होता?"

तेच तर मला माहीत नाही! मी बैठकीतूनच बाहेर व्हरांड्यात येऊन फोन लावला.

"काका, तेल किती जाड लावलं होतं?"

"जाड कुटं? पातळ."

"पातळ म्हणजे किती?"

"फडकं पिळलं की जेवढं ऱ्हातं त्येवढं. बोट फिरवलं की कळंल, डोळ्याला दिसनार न्हाई, त्येवढं."

मी आत जाऊन हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सर हसले. मग म्हणाले की विषय राहील, पण हे बोटाचं माप मिलिमीटरच्या हजाराव्या भागात आणायची जबाबदारी माझी. त्यासाठी नवे चोवीस तुकडे कापायचे आणि पुन्हा मोजायचे.

पुन्हा व्हरांडा, पुन्हा फोन.

"विषय ऱ्हायला का?" काकांनी उचलल्या उचलल्या विचारलं. मागून काकूंचा आवाज आला, "इचारा, इचारा!"

"राहिला काका! मी पुन्हा येतेय. चोवीस तुकडे आधी कुरियरनं पाठवते. त्यातल्या बारांना तेल लावून ठेवा, अगदी पूजेनंतर लावलं तसं. आणि बारा तसेच उघडे ठेवा."

पलीकडं काका पुटपुटत मोजत होते, बारा, बारा.

"काका?"

"बारा लावतो. ते झालंच म्हन." मग त्यांचा आवाज खाली आला. "पन बाकीचं बारा तू येईस्तोवर उघडं? हितं? त्ये मला जमायचं न्हाई पोरी. त्ये तू ये आन् तूच ठेव."